पांढरी सात

भजन ऐन रंगात आलेलं असायचं आणि आप्पांचा डावा हात वर जायचा. तळवा पुढे, बोटं जुळलेली, कोपर ताठ. रेल्वेत जन्मभर गाड्या अडवलेल्या माणसाचा हात तो. टाळ थांबायचे, पखवाज थांबायचा, पेटीचा भाता उरलासुरला वारा सोडून गप्प व्हायचा. मग आप्पा म्हणायचे, "मूळ चाल अशी न्हाई."

थोडं थांबून पुढचं वाक्य यायचं. "मूळ चाल एकच आसती. बाकी समद्या नकला."

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. दर गावात एक असतोच. त्याला सगळ्याचं मूळ ठाऊक असतं. आमटीचं, भाऊबंदकीच्या भांडणाचं, देवळातल्या मूर्तीचं. त्याच्यासमोर कुणाला धड आमटीही ओरपता येत नाही. आमच्या भागात ते काम आप्पांकडे होतं, आणि त्यांनी ते फार मन लावून केलं.

दौंड जंक्शनला ते पॉइंट्समन होते, गाड्यांचे रूळ बदलणारे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी खाकी सदरा सुटला नव्हता. मी शिरूरचा. वडिलांचं पेटी दुरुस्तीचं दुकान मी चालवतो. आमची गाठ पडली ती बुवांमुळे. बुवा म्हणजे भीमेच्या काठी, दौंड बाजूच्या एका गावात राहणारे भजनी बुवा. मी पाहिले तेव्हा अगदी थकलेले होते, पण त्यांनी रचलेली पदं नदीच्या दोन्ही काठांना अजून गातात. आप्पा त्यांचे पट्टशिष्य. म्हणजे असं आप्पा सांगत, आणि बाकीचे शिष्य वारले असल्यामुळे खोडून काढणारं कुणी नव्हतं.

सगळा तंटा एका पदावरून होता. 'हात शेकाया बसला देव चुलीपाशी' हे बुवांचं पद. यात 'शेकाया' शब्दावर आवाज उंच चढतो आणि मग खाली उतरतो. आमच्या शिरूर बाजूला उतरताना मध्येच एका सुरावर क्षणभर टेकतात. दौंड बाजूला तो सूर वगळून थेट खालच्या सुरावर उडी घेतात. फरक एवढाच, एका सुराचा. बुवा कायम काळी एक पट्टीत गायचे, त्यामुळे पेटीवर हा मधला सूर म्हणजे पांढरी सात, सप्तकातली सातवी पांढरी पट्टी. टेकलं तर पद कुशीत घेतल्यासारखं वाटतं. उडी मारली तर काळजात जरा धस्स होतं. मला दोन्ही आवडायचं, पण हे त्या काळात बोलायची सोय नव्हती.

वरवंडला भजन स्पर्धा होती तेव्हाची गोष्ट. मी शिरूरच्या मंडळाला पेटीवर साथ करत होतो आणि आप्पा परीक्षक होते. मी पांढऱ्या सातवर बोट टेकवलं आणि हात वर गेला. आप्पांनी माईक पुढे ओढून घेतला आणि म्हणाले, "पेटीवाल्यानं पेटी दुरुस्त करावी. वाजवायच्या भानगडीत पडू नये."

अख्खा मंडप हसला. मीही हसलो, कारण न हसतो तर लोक आणखी हसले असते. त्या दिवसापासून मी आप्पांवर दात धरला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना मला कुणी न्यायाधीश समजायला नको.

त्यांना एक मुलगी होती, एकुलती. आईविना वाढलेली. आप्पांनी तिला मांडीवर घेऊन भजनं शिकवली होती, आणि तिचा आवाज खरोखर बापापेक्षा चांगला होता. तिला आमच्या बाजूला, पाबळकडे दिली. सासरी बायकांचं भजनी मंडळ होतं, त्यात ती गाऊ लागली. चार बायका टेकतात तिथे तीही टेकू लागली. माणूस ज्या घरात जेवतो त्या घरची चव जिभेला लागते, त्यात काय एवढं. पण बुवांच्या पुण्यतिथीला ती सासरच्यांसोबत बुवांच्या गावी आली आणि बापासमोर ते पद म्हणायला बसली.

नवरा समोर होता, सासू समोर होती. ती 'शेकाया'वर टेकली आणि हात वर गेला. तिने पुन्हा सुरुवात केली. सवय जाईना, पुन्हा टेकली. पुन्हा हात. तिसऱ्यांदा तिचा आवाज कापायला लागला होता, आणि कापरा आवाज उडी मारू शकत नाही, तो टेकतोच. आप्पा माणसांकडे वळून म्हणाले, "ही माझ्याकडं शिकल्याली न्हाई. सासरी नासली ही."

नासली. दुधाला म्हणतात तसं. सासू उठली, मागोमाग ती उठली. प्रसादाच्या पंगती बसत होत्या, कुणी जेवायला थांबलं नाही. त्यानंतर ती माहेरी आली नाही. लोकांनी आप्पांना पुष्कळ सांगून पाहिलं. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "चाल सुधरून ये म्हनावं. दार उघडंच हाय."

तेव्हा पेटीवर मीच होतो. मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडा आनंदही झाला. इतके दिवस माझ्याकडे नुसता राग होता, आता त्याला कारण मिळालं.

संधी चौथ्या वर्षी आली. बुवांची स्वतःची जुनी पेटी देवळात कपड्यात गुंडाळून ठेवलेली असायची. पुण्यतिथीला तिला हार घालायचे आणि परत गुंडाळायचे, वाजवायचं कुणी नाही. उत्सवाच्या कमिटीने ठरवलं की या वर्षी त्याच पेटीवर भजन करायचं. साफ करायला पेटी माझ्याकडे शिरूरला आली.

मी झाकण काढलं, आतली फळी उचलली आणि हसायलाच लागलो. पेटीच्या आत प्रत्येक पट्टीसाठी पितळेची एक पाती असते, तिला आम्ही सूर म्हणतो. मधल्या सप्तकातल्या पांढऱ्या सातचा सूर जागेवर नव्हता. नुसतं भोक होतं, आणि त्या भोकावर सरसाने चिकटवलेलं रेल्वेचं जुनं, जाड पुठ्ठ्याचं तिकीट. त्यावर दौंड हे नाव अजून वाचता येत होतं. पेटी एका सुराची, म्हणजे पट्टीमागे दुसरी पाती नाही, त्यामुळे ती पट्टी दाबली की काहीच वाजायचं नाही.

आता तुमच्याही लक्षात आलं असेल. बुवांच्या पेटीचा सूर तुटला. जो सूर पेटीत नाही तो गळ्यानं तरी कशाला घ्यायचा, म्हणून बुवा त्याला चुकवून उडी मारायला लागले असणार. त्या काळात शिकले ते आप्पा. आमच्या बाजूचे शिष्य आधीचे, पेटी धड होती तेव्हाचे. ज्या मूळ चालीपायी या माणसाने पोटची पोर तोडली, ते पेटीतलं एक भोक होतं.

मी कमिटीला फोन करून सांगू शकलो असतो. आप्पांना दुकानात बोलावून दाखवू शकलो असतो. पण मी पेटी पुसली, पॉलिश केली आणि तिकीट तसंच ठेवून पुण्यतिथीची वाट पाहिली. महिनाभर मी फार खुशीत होतो. बायको म्हणाली, काय घबाड बिबाड सापडलं की काय.

पुण्यतिथीला दुपारच्या भजनात मी पेटी आप्पांसमोर ठेवली आणि म्हटलं की बुवांची पेटी आहे, पहिला मान तुमचा. त्यांनी उपरण्याने पट्ट्या पुसल्या. एकेक पट्टी, लहान मुलाचं तोंड पुसावं तशी. डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा थांबायला हवं होतं. मी त्यांना पांढरी सात वाजवून दाखवायला सांगितली.

त्यांचं बोट तिथे गेलं नाही.

मी स्वतःच दाबली. पेटी गप्प. मग मी झाकण उघडलं, तिकीट माणसांना दाखवलं आणि काय झालं असेल ते माईकवरून सावकाश, रंगवून सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजी आप्पा एवढी वर्सं फाटक्या तिकिटावर चालले व्हते." आणि मंडप फुटला. वरवंडपेक्षा मोठं हसू होतं ते. चार-पाच जणांचे मोबाईल वर होते.

आप्पा हसू ओसरेपर्यंत थांबले. मग तिकिटाकडे बोट करून म्हणाले, "ते मीच चिकटवलंय. सूर तुटला तवा तिथनं वारा जायाचा. म्होरं नवा सूर करून घेतला, तर बुवाच म्हनले, बसवू नगं. आता हेच बरं लागतंय म्हनले."

"कुठाय तो नवा सूर?" मी विचारलं.

"तुझ्या बापाकडं ठिवला. त्याला इचार."

माझे वडील जाऊन सहा वर्षं झाली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी वर आभाळाकडे पाहिलं आणि म्हटलं, "बाबा, सूर आहे का हो तुमच्याकडे?" पुन्हा हशा. आप्पांचा डावा हात अर्धवट वर आला. त्यांच्या हाताने कुणी थांबलं नाही, असं पहिल्यांदाच झालं. त्यांनी तो हळूच खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.

कमिटीने तिथल्या तिथे सांगितलं की पेटी परत न्या आणि सूर बसवूनच आणा.

आठ-दहा दिवसांनी मी सूर शोधायला बसलो. हल्लीचे सूर त्या जुन्या पेटीच्या खाचेत बसत नाहीत. वडिलांचा एक पत्र्याचा डबा होता. गिऱ्हाइकाने न नेलेली एकेक वस्तू ते कागदात बांधून, वर बारीक अक्षरात नाव घालून त्यात ठेवत. तळाशी एक पुडी निघाली. आत पितळेचा कोरा सूर, कधी न वाजलेला. पुडीवर वडिलांच्या अक्षरात लिहिलं होतं: बुवांची पेटी, पांढरी सात. नवा केला. बुवा नको म्हणाले, आता असंच बरं लागतं. ठेवून दिला.

मी ते तीन-चारदा वाचलं. म्हणजे सूर तुटला म्हणून बुवांनी उडी मारली हे खरं, आणि ती उडी त्यांना आवडली म्हणून त्यांनी सूर परत घेतला नाही हेही खरं. आमची चाल आधीची होती आणि आप्पांची चाल बुवांनी राखलेली होती. यातली मूळ कुठली हे ज्याला सांगता येईल त्याने सांगावं. मला इतकंच कळलं की मंडपात आप्पा एक शब्दही खोटं बोलले नव्हते.

मी पुडी बांधली आणि परत डब्यात ठेवली.

का, ते विचारू नका. विचाराल तर उत्तर साधं आहे. त्या दिवशीचं हसू मला परत करायचं नव्हतं. ती क्लिप भजनी मंडळांच्या ग्रुपवर फिरत होती आणि लोक मला रस्त्यात थांबवून टाळी देत होते. पेटीवाला म्हणून जन्म गेला, पहिल्यांदा कुणीतरी बुद्धिवान म्हणालं होतं.

आप्पांच्या मंडळाने चाल बदलली. पुढची जागा एका शिक्षकाला मिळाली आणि आप्पा शेवटच्या ओळीत टाळ घेऊन बसू लागले. पद यायचं, 'शेकाया' यायचं, सगळे त्या सुरावर टेकायचे, आणि तेवढ्या एका सुरापुरते आप्पा ओठ मिटायचे. पुढे लगेच पुन्हा गाऊ लागायचे. हे लक्षात आल्यावर लोक मुद्दाम त्या जागी मागे वळून बघायला लागले. पोरं त्यांना बाजारात गाठून तिकीट आहे का विचारायची. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं मीही चहाच्या टपरीवर दोनदा म्हणालो.

एकदा सकाळी ते एसटीने शिरूरला आले. दौंडहून यायला दोन गाड्या बदलाव्या लागतात. हातात पेरूंची पिशवी होती. "तुझ्या बापाला आमच्याकडलं पेरू आवडायचं," म्हणाले आणि पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. खाकी सदरा आता खांद्यावरून ओघळत होता. मी चहा मागवला. त्यांनी सगळा चहा पिऊन झाल्यावरच विचारलं.

"बापाचा डबा बघितला का रं?"

डबा त्यांच्या मागच्या फळीवर होता. हात लांबवला असता तर त्यांनाच लागला असता.

"बघितला आप्पा. काही नाही त्यात."

"पुडीवर लिवल्यालं आसंल."

"नाही काही."

त्यांनी कपबशी बाजूला सरकवली. "मला मान नगं हाय आता," ते म्हणाले. "पोरीला दाखवायला पायजे व्हतं. मी उगा छळलं न्हाई तिला, एवढंच. बुवांनी सांगितल्यालं जपलं." मग उठता उठता म्हणाले, "तुझ्या बापाचं अक्षर लई बारीक. परत येकदा नीट बघ."

मी बघतो म्हणालो. पेरू गोड होते.

ते श्रावणात गेले. ग्रुपवर त्यांचा खाकी सदऱ्यातला फोटो आला आणि खाली भावपूर्ण श्रद्धांजलीची रांग लागली. ज्यांनी क्लिपखाली हसून लोळणारे चेहरे टाकले होते, त्यांनीच हात जोडलेले चेहरे टाकले. मीही टाकले.

पुण्यतिथीच्या आठवडाभर आधी त्यांची मुलगी दुकानात आली. कमिटीने या वर्षी तिला गायला बोलावलं होतं आणि पेटी न्यायचं कामही तिच्याकडेच दिलं होतं. नवरा बाहेर गाडीत बसून होता. जुन्या मापाचा सूर मिळत नाही, अशा सबबी मी तोवर सांगत आलो होतो. तिला मी म्हटलं, बसा ताई, मिळालाय.

डबा काढला, पुडी सोडली, सूर खाचेत ठेवून दोन स्क्रू पिळले. तिकीट ओल्या फडक्याने भिजवून आधीच सोडवून घेतलं होतं. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम. ती माझ्या हातांकडे बघत होती. मग तिने विचारलं, "आप्पा तुमच्याकडं आले व्हते ना, जायच्या आधी? काय म्हनले? पटलं का त्यास्नी?"

पुडीचा कागद माझ्या गुडघ्यावर होता, अक्षरं वर. तो तिच्या हातात द्यायला काही लागत नव्हतं. दिला असता तर तिला तिचा बाप परत मिळाला असता. हट्टी, निर्दयी, पण खरा बाप. आणि मला दुकानात काय झालं होतं ते सांगावं लागलं असतं.

"पटलं," मी म्हणालो. "म्हणाले, पोरगी बरोबर होती."

तिने पदर तोंडाला लावला. बराच वेळ रडली. मग म्हणाली, "मला वाटलंच व्हतं. आतनं माया व्हती त्यांची." इतकं समाधान मी कुणाच्या तोंडावर क्वचित पाहिलं असेल. मग तिने पेटी पुढे ओढली आणि हलक्या आवाजात ते पद म्हटलं. 'शेकाया'वर ती टेकली. पांढरी सात वाजली, एवढ्या वर्षांनी, स्वच्छ आणि गोड, आणि तिच्याकडे बघत हात वर करणारं तिथे कुणी नव्हतं.

जाताना तिने ते तिकीट मागून घेतलं. आप्पांच्या हातचं आहे, म्हणाली. मी दिलं.

पुडीचा कागद मी परत डब्यात ठेवलाय. आत आता काही नाही. फेकावासा वाटतो तेव्हा एकदा उघडून वाचतो आणि परत ठेवतो. वडिलांचं अक्षर बारीक आहे, पण नीट वाचता येतं.